अर्धांगवायूनंतर खांद्याची सोनोग्राफी कशासाठी?

२९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन असतो. त्या सुमारास गोव्यातल्या वर्तमानपत्रांत एक गोष्ट दरवर्षी वाचायला मिळते: झटका आल्यावर साडेचार तासांच्या आत रुग्ण इस्पितळात पोहोचला, तर मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. ही माहिती घरोघरी पोहोचायलाच हवी. पण त्या साडेचार तासांनंतरचे सहा महिने कसे जातात, यावर फारसे कोणी लिहीत नाही. रुग्ण घरी येतो, बोलू लागतो, काठी धरून चार पावले टाकतो, आणि नेमका तेव्हाच लुळ्या बाजूचा खांदा ठणकू लागतो. झोप उडते, व्यायाम बंद पडतो. मग डॉक्टर कागदावर ‘दोन्ही खांद्यांची सोनोग्राफी’ असे लिहून देतात आणि घरचे बुचकळ्यात पडतात. झटका मेंदूला आला, मग खांदा का तपासायचा? आणि सोनोग्राफी तर पोटाची किंवा गरोदरपणात करतात ना?

खांदा मुळात कशावर टिकून असतो

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो. खांद्याला अशी खोबण नाही. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा पाठीच्या फऱ्याच्या एका उथळ, छोट्या चकतीला नुसता टेकलेला असतो. बशी उभी धरावी आणि तिला नारळ टेकवावा, तसे हे आहे. नारळ पडत नाही, कारण त्याला चहूबाजूंनी चार स्नायूंनी आवळून धरलेले असते. या चार स्नायूंना मिळून रोटेटर कफ म्हणतात. स्नायूचे टोक ज्या चिवट पट्ट्याने हाडाला चिकटते त्याला टेंडन म्हणतात. या चौघांत सर्वांत जास्त भार सुप्रास्पायनेटस या स्नायूवर येतो. त्याचे टेंडन गोळ्याच्या वरून जाते आणि खांद्याच्या टोकाला हाताला लागणाऱ्या हाडाच्या, म्हणजे अ‍ॅक्रोमिअनच्या, खालच्या अरुंद फटीतून पुढे सरकते. घर्षण होऊ नये म्हणून त्या फटीत पाणेरी वंगणाची पातळ पिशवी असते, तिचे नाव बर्सा.

लेखात पुढे वारंवार लागणारे शब्द एवढेच.

झटक्यानंतर काय बिघडते

पहिले काही आठवडे हात बहुधा लुळा असतो. आवळून धरणारे स्नायू ढिले पडलेले असतात आणि हाताचे वजन मात्र तेवढेच राहते. एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरते. म्हणजे साठ किलोच्या माणसाचा सुमारे तीन किलोचा हात, बसल्या-उभ्या वेळी, दिवसभर खाली ओढत राहतो. हळूहळू गोळा खाली घसरतो आणि अ‍ॅक्रोमिअनखाली बोट जाईल एवढी खोबण पडते. याला सबलक्सेशन म्हणतात, म्हणजे खांदा अर्धवट उतरणे.

पुढे बऱ्याच रुग्णांत उलटा प्रकार होतो. हात ताठरतो, छातीच्या आणि बगलेच्या पुढच्या बाजूचे स्नायू आखडतात, दंड आत वळून शरीराला चिकटून बसतो. असा आत वळलेला हात कोणी धरून सरळ वर नेला, तर हाडाचा उंचवटा अ‍ॅक्रोमिअनवर आपटतो आणि मधले टेंडन व बर्सा चिरडले जातात. धडधाकट माणूस हात पूर्ण वर नेतो तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० अंश फरा फिरल्यामुळे मिळतात. शिवाय दंड बाहेरच्या बाजूला वळतो. अर्धांगवायूत फरा वेळेवर फिरत नाही, दंडही वळत नाही. म्हणून ‘हात वर करा, मोकळा होईल’ हा प्रेमाने दिलेला सल्ला इथे घातक ठरतो.

घराच्या वाशाला कप्पी टांगून, चांगल्या हाताने दोरी ओढून लुळा हात वर न्यायचा व्यायाम अजूनही अनेक घरांत चालतो. १९९० साली अमेरिकेत २८ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात तीन प्रकारच्या व्यायामांची तुलना केली होती. कप्पीवाल्या गटातल्या ६२ टक्के रुग्णांचा खांदा दुखू लागला. थेरपिस्टने स्वतः हात धरून हालचाल दिलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. अभ्यास लहान आहे, पण आत काय चिरडते हे माहीत असले की त्या आकड्याचे नवल वाटत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही कप्पीचा व्यायाम करू नये असेच म्हटले आहे. घरी कप्पी टांगलेली असेल तर ती आजच काढा.

गोव्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. मधुमेहाने झटक्याचा धोका वाढतो आणि खांदा गोठण्याचाही, म्हणजे फ्रोझन शोल्डरचा. एकाच रुग्णाला दोन्ही असतील तर खांद्याच्या दुखण्यात किती कारणे मिसळली आहेत हे बाहेरून सांगणे अवघड होते.

दुखतोय हे दिसतेच, मग आत बघायचे कशाला?

कारण ‘खांदा दुखतो’ हे झाले लक्षण. त्यामागे बर्सा सुजलेला असेल, टेंडन फाटलेले असेल, पुढच्या बाजूच्या बायसेप्सच्या टेंडनभोवती पाणी झाले असेल, सांध्याचे आवरण आखडले असेल, नुसता ताठरपणा असेल, किंवा दुखणे मेंदू आणि नसांमधून येत असेल. यातल्या एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरू शकतो. सांध्याचे आवरण आखडले असेल तर हळूहळू ताण द्यावा लागतो. तोच ताण ताज्या फाटलेल्या टेंडनला दिला तर चीर वाढते.

दुसरे कारण रुग्णाच्या बोलण्याशी जोडलेले आहे. उजवी बाजू गेलेल्या अनेकांची वाचा अडखळते, कुठे आणि कसे दुखते ते सांगता येत नाही. डावी बाजू गेलेल्या काहींचे त्या बाजूकडे लक्षच राहत नाही, तर काहींच्या हाताची जाणीवच कमी झालेली असते. असा रुग्ण ‘दुखत नाही’ म्हणाला म्हणून आत सगळे ठीक आहे असे धरून चालत नाही. अशा वेळी आत डोकावण्याचा सोपा मार्ग म्हणजे सोनोग्राफी.

तपासणी कशी होते

यंत्र पोटाच्या सोनोग्राफीचेच, फक्त त्वचेवर फिरवायचा प्रोब वेगळा. खांद्यासाठी सपाट तोंडाचा प्रोब लागतो आणि ७ ते १५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या ध्वनिलहरी वापरतात. (माणसाच्या कानाला २० हजार हर्ट्झच्या वरचे काही ऐकू येत नाही, या लहरी त्याच्या शेकडो पट वरच्या.) या लहरी फार खोल जात नाहीत, पण वरच्या तीन-चार सेंटिमीटरमधले बारकावे स्पष्ट दाखवतात, आणि खांद्याची टेंडन तेवढ्याच खोलीवर असतात. यात किरणोत्सर्ग नाही. उपाशी राहावे लागत नाही, पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागत नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्या किंवा पेसमेकर असला तरी अडचण नाही.

रुग्णाला खुर्चीवर बसवतात. पाठ टेकलेली, दोन्ही पावले जमिनीवर, कोपर काटकोनात, हात मांडीवरच्या उशीवर. मग साधारण हा क्रम असतो: आधी समोरून बायसेप्सचे टेंडन आणि त्याच्या भोवतीचे पाणी, मग दंड जमेल तेवढाच बाहेर वळवून पुढचे सबस्कॅप्युलॅरिस, मग वरचे सुप्रास्पायनेटस आणि त्याच्यावरचा बर्सा, शेवटी पाठीमागून इन्फ्रास्पायनेटस (सबस्कॅप्युलॅरिस आणि इन्फ्रास्पायनेटस हे रोटेटर कफमधलेच दोन स्नायू). त्यानंतर डॉक्टर प्रोब जागेवर ठेवूनच हात हलकेच बाजूला उचलतात आणि टेंडन फटीतून सरकते की अडकते ते पडद्यावर पाहतात. हालचाल चालू असताना आत काय होते ते दिसणे, हा या तपासणीचा मोठा फायदा.

सुप्रास्पायनेटस नीट दिसावे म्हणून एरवी रुग्णाला हात पाठीमागे, पँटच्या मागच्या खिशावर ठेवायला सांगतात. ताठर हात तिथपर्यंत जात नाही. तो जबरदस्तीने मागे नेऊ नये. त्याने नवी इजा होते. जमेल तेवढ्या स्थितीत पाहावे आणि ‘पूर्ण दिसले नाही’ असे अहवालात प्रामाणिकपणे लिहावे. असे वाक्य अहवालात आले म्हणजे तपासणी वाया गेली असे नव्हे. मला तर ते चांगल्या तपासणीचे लक्षण वाटते.

चुका होतात त्या बहुतेक दोन ठिकाणी. प्रोब टेंडनला काटकोनात नसून तिरका पडला, तर धडधाकट टेंडनही काळे दिसते आणि फाटल्याचा भास होतो. अनुभवी हात प्रोब किंचित हलवून खात्री करतो: भास असेल तर काळे जाते, खरी चीर असेल तर राहते. दुसरी चूक दाबण्याची. प्रोब जोरात दाबला तर बर्सातले थोडेसे पाणी बाजूला पळते आणि सूज नाहीच असे वाटते.

खांदा किती उतरला, हे मोजायचे कसे

फिजिओथेरपिस्ट हे बोटांनी चाचपून पाहतात. अ‍ॅक्रोमिअनखाली अर्धे बोट मावते की एक, की दीड. पद्धत उपयोगी आहे, बिनखर्चाची आहे, पण बोटे जाड-बारीक असतात आणि अर्ध्या बोटाखालचा फरक तिला पकडता येत नाही. सोनोग्राफीत प्रोब खांद्याच्या टोकापासून दंडाच्या लांबीत उभा धरतात. पडद्यावर दोन पांढऱ्या कडा दिसतात, एक अ‍ॅक्रोमिअनची आणि दुसरी दंडाच्या हाडाच्या उंचवट्याची. त्या दोन्हींमधले अंतर मोजतात. दोन-तीनदा मोजून सरासरी घेतात.

हे अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास असते, पण ते माणसाच्या बांध्याप्रमाणे बदलते. म्हणून एका खांद्याचा आकडा एकटा काही सांगत नाही. चांगल्या बाजूला १.९ आणि लुळ्या बाजूला २.६ सेंटिमीटर आले, तर फरक ७ मिलिमीटरचा. साधारण ४-५ मिलिमीटरच्या वर फरक गेला की खांदा उतरला आहे असे समजतात. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक मोजणीतलाच असू शकतो, त्यावरून सुधारला की बिघडला हे ठरवू नये.

इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो तो बसण्याच्या पद्धतीत. सोनोग्राफीच्या खोलीत पलंग असतोच, म्हणून सोयीसाठी रुग्णाला आडवे केले जाते. आडवे पडल्यावर हात खाली ओढला जात नाही, गोळा जागेवर सरकतो आणि उतरलेला खांदा पडद्यावर बरा दिसतो. नातेवाइकाने मदत म्हणून कोपराखाली हात देऊन दंड वर उचलून धरला तरी हेच होते. पहिल्या वेळी हात लोंबता आणि दुसऱ्या वेळी उशीवर असेल, तर दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. अहवालात आकड्याबरोबर ‘बसलेल्या स्थितीत, हात उशीवर’ किंवा ‘हात लोंबता’ हे शब्द हवेतच.

आणि हेही सांगायला हवे: खांदा उतरला म्हणजे तो दुखेलच असे नाही. पुष्कळांचा खांदा उतरलेला असतो पण दुखत नाही, तर काहींचा जागेवर असूनही असह्य दुखतो. अंतराचा आकडा आधार किती द्यायचा ते सांगतो, दुखण्याचे कारण वेगळे शोधावे लागते.

त्यापेक्षा एक्स-रे किंवा एमआरआय का नको?

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. पडल्यामुळे हाड मोडल्याची शंका असेल तर एक्स-रेच हवा. पण टेंडन आणि बर्सा त्यात दिसत नाहीत. एमआरआयमध्ये सगळे दिसते, अगदी सांध्याच्या आतले आणि हाडाच्या आड दडलेलेही, जे सोनोग्राफीला जमत नाही. मात्र त्यासाठी अरुंद नळीत बराच वेळ न हलता पडून राहावे लागते. ताठर, मधूनच झटके देणाऱ्या हाताच्या किंवा गोंधळलेल्या रुग्णाला ते कठीण जाते. हालचाल करून बघण्याची सोयही नसते. पहिली पायरी म्हणून सोनोग्राफी पुरेशी आहे. तिने उत्तर मिळाले नाही आणि त्या उत्तरावर उपचार खरोखर अवलंबून असतील, तरच पुढे जावे. २०१६ च्या त्याच अमेरिकन सूचनांतही खांद्याच्या मऊ भागांची इजा शोधायला सोनोग्राफी विचारात घेता येईल असे मोजक्या शब्दांत म्हटले आहे. सक्ती म्हणून नव्हे.

अहवालात ‘टेअर’ लिहिले आहे, म्हणजे ऑपरेशन?

बहुतेकदा नाही. साठीनंतर टेंडनला चीर असणे सर्रास आढळते, झटका न आलेल्या आणि काहीच न दुखणाऱ्या लोकांतही. ज्याने आयुष्यभर पाडेली म्हणून माड चढले, जाळी ओढली किंवा डोक्यावर चिरे वाहिले, त्याचे टेंडन झिजलेले असणारच. म्हणूनच दोन्ही खांदे बघायचे. चांगल्या बाजूलाही तशीच चीर निघाली, तर ती जुनी असण्याची शक्यता अधिक आणि आजचे दुखणे तिच्या माथी मारता येत नाही. फक्त लुळ्या बाजूला असेल, भोवती पाणी असेल आणि डॉक्टरांनी नेमकी तीच जागा दाबल्यावर रुग्ण कळवळत असेल, तर ती महत्त्वाची.

अहवालातले बाकीचे शब्द असे वाचा. ‘टेंडिनोसिस’ म्हणजे टेंडन झिजून जाड झाले आहे, फाटलेले नाही. ‘पार्शियल’ म्हणजे अर्धवट चीर, ‘फुल थिकनेस’ म्हणजे आरपार. ‘इफ्यूजन’ म्हणजे पाणी साचले आहे. बर्सा किंवा बायसेप्सभोवतीची जागा दोन मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर सहसा सूज धरतात.

निदानावरून पुढे काय बदलते

खांदा उतरलेला असेल तर आधार. बसताना हात उशीवर किंवा व्हीलचेअरच्या फळीवर, उभे राहताना आणि चालताना झोळी. झोळी दिवसभर घालून ठेवू नये. वाकलेल्या स्थितीत हात आखडून बसतो. सुप्रास्पायनेटस आणि खांद्याच्या मागच्या डेल्टॉइड स्नायूला विजेच्या सौम्य झटक्यांनी काम करायला लावण्याचा उपचार लवकर सुरू झाला तर लाभ अधिक मिळतो.

बर्सा सुजलेला असेल तर औषध, हात ठेवण्याची पद्धत, आणि गरज पडल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन. तेही पडद्यावर सुई बघत दिले तर औषध नेमके फटीत पडते. मधुमेहींनी मात्र लक्षात ठेवावे: या इंजेक्शननंतर पुढचे काही दिवस साखर वाढते, तेव्हा घरी रोज तपासा आणि डॉक्टरांना आधी सांगा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा. गोळी मनाने बंद करू नका. ताठरपणा मुख्य कारण असेल तर आखडलेल्या स्नायूंत, ते सैल करण्यासाठी, बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात. काहींना खांद्यामागच्या नसेला बधिर करण्याने आराम पडतो.

आणि सोनोग्राफीत काहीच निघाले नाही तर? तरीही दुखणे खरेच असते. खांद्याबरोबर पंजा सुजला, रंग बदलला, बोटांना स्पर्शही सहन होत नसेल, किंवा आग होत असेल, तर कारण नसांमध्ये असू शकते. ते सोनोग्राफीत दिसत नाही. हात बाहेर वळवताना लाकडासारखा अडत असेल तर आवरण आखडल्याची शंका घेतात, आणि तिथे हाताने केलेली तपासणी पडद्यापेक्षा जास्त सांगते.

निदान काहीही असो, घरातले एक काम ठरलेले. हाताला किंवा बगलेत धरून रुग्णाला ओढून उठवायचे नाही. पलंगावरून उठवताना, गाडीत बसवताना, पायऱ्या चढवताना कमरेला किंवा पाठीला धरा. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरते आणि प्रत्येकजण मदतीला धावून लुळा हात धरतो. त्यांना हे आधीच सांगून ठेवा. तेल लावून हलके चोळायला हरकत नाही, पण ओढणे, झटका देणे, ‘कट्’ आवाज काढणे नको.

यंत्र घरी किंवा फिजिओथेरपीच्या दवाखान्यात का येत नाही?

काही देशांत प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट स्वतःच हे मोजमाप करतात. भारतात गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा आड येतो. यंत्राने तुम्ही खांदे बघा की पोट, ते नोंदणी झालेल्या जागीच असावे लागते आणि पात्र डॉक्टरांनीच वापरावे लागते. २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार हातात मावणारे यंत्रही त्या इस्पितळाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठीच किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. कायद्यामागचा हेतू रास्त आहे. पण त्यामुळे सत्तरी, पेडणे किंवा काणकोणच्या रुग्णाला शहरापर्यंत आणावेच लागते. म्हणून रुग्ण गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जिल्हा इस्पितळात दाखल असतानाच खांदा एकदा बघून घ्यायची विनंती करणे शहाणपणाचे. पुढची खेप वाचते, आणि तुलनेसाठी पहिला आकडा हाती राहतो.

करायची कोणी आणि केव्हा

प्रत्येक रुग्णाची सोनोग्राफी करावी असे माझे मत नाही. बोटांनी चाचपून बघणे प्रत्येकाचे व्हावे. सोनोग्राफी करावी ती खांदा दुखू लागला असेल, हात पूर्ण लुळा असून रुग्णाला बोलता येत नसेल, रुग्ण पडला असेल किंवा कोणी हात ओढल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, किंवा इंजेक्शन द्यायचे ठरले असेल तेव्हा. सगळी सोनोग्राफी केंद्रे खांदा बघत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून ‘दोन्ही खांद्यांची, बसवून करता का’ एवढे विचारा.

जाताना पुढून उघडणारा सदरा किंवा ब्लाउज घाला; घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. दोन उशा सोबत न्या, एक गाडीत हाताखाली, एक तपासणीच्या वेळी मांडीवर. जुना अहवाल असेल तर तो दाखवा आणि मागच्या वेळी हात ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत मोजायला सांगा.